लाकडं किती लागतात?

१४ जुलै २०२५, सोमवार. सेनगाव

नवी वही. जुनी आईच्या दवाखान्याच्या तारखांनी भरली होती, ती कुरुंद्याला कपाटात ठेवून आले.

आज पहिल्यांदा बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेले. साखऱ्याच्या पुढे दोन किलोमीटर. स्कूटी अर्ध्या वाटेत चिखलात रुतली, शेवटचा टप्पा पायी. बेचाळीस घरं आणि बेचाळीस मातीच्या चुली. सकाळी नऊला पत्र्यांच्या फटींतून निघालेला धूर सगळ्या तांड्यावर पसरलेला होता. गॅसच्या टाक्याही आहेत, मी अकरा मोजल्या. त्यांतल्या बहुतेकींवर काहीतरी ठेवलेलं. एकीवर तर टीव्ही.

काम असं आहे: संस्थेची लोखंडी चूल प्रत्येक घरात बसवायची. तिला लाकूड निम्मं लागतं आणि धूर जवळजवळ होत नाही. वाचलेल्या लाकडाची आणि धुराची मोजणी वर जाते, तिथून आणखी वर, आणि जगाचं तापमान त्यातून केसभर कमी होतं म्हणे. हे सगळं ओमप्रकाश साहेब हिंगोलीच्या ऑफिसात फळ्यावर बाण काढून समजावतात. मला त्या बाणांचं फारसं काही वाटत नाही, मला धुराचं वाटतं. आईच्या छातीचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले होते, "बाई बिडी ओढायच्या का?" आईने जन्मात बिडी ओढली नाही. चाळीस वर्षं चूल फुंकली.

तिला जाऊन सहा महिने झाले. ही नोकरी मी पगारासाठी धरलेली नाही, हे इथे लिहून ठेवते.

१९ जुलै, शनिवार

सर्वेक्षण सुरू. एका घरात अर्धा तास जातो, त्यातली वीस मिनिटं चहा नको म्हणण्यात.

आज मोहनसिंग काकांचं घर झालं. काका साठीचे, अडीच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मुलगा जगन सेनगावला गॅरेजमध्ये कामाला. काकांच्या पत्नी शकुंतलाबाई बारीक, उंच, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बलोती म्हणतात त्या. मी गेले तेव्हा चूल सारवत होत्या. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. तो आवाज मी दोन वर्षं शेजारच्या खाटेवरून ऐकलाय, त्यामुळे माझा पेन तिथेच थांबला.

"घरात माणसं किती, मावशी?"

"चार."

काका ओसरीतून म्हणाले, "तीन लिवा."

"चौथं कोण?" मी विचारलं.

शकुंतलाबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. आरसे लावलेल्या लग्नाच्या घागऱ्यातली, फेटियातली मुलगी, अठरा-एकोणीसची. "निता. दिली तिला. ऊसतोडीच्या टोळीतल्याला."

मला हसू आलं. दिलेली लेकसुद्धा आईच्या मोजणीतून सुटत नाही. माझी आई जिवंत असती तर तिनेही असंच केलं असतं. मी तीन लिहिलं आणि पुढच्या प्रश्नावर गेले: दिवसाला लाकडं किती लागतात, कोण आणतं, किती लांबून.

त्यांची चूल मात्र बघण्यासारखी आहे. दोन तोंडांची, कडा गोल, तांड्यात इतकी रेखीव दुसरी नाही. डाव्या अंगाला खाली एका हाताचा ठसा उमटलाय, पाची बोटं स्पष्ट. बाकीची चूल दर शनिवारी सारवतात आणि तेवढीच जागा सोडतात. म्हटलं, कमरेचा त्रास असेल, खाली वाकवत नसेल.

२७ जुलै, रविवार. कुरुंदा

घरी आले. बाबा एकटेच. मागच्या पडवीत आईची चूल अजून तशीच. मी म्हटलं, "बाबा, हिने आईला खाल्लं आणि तुम्ही हिला सांभाळताय."

बाबा म्हणाले, "असू दे न. काय खायला मागती का ती?"

"फोडा. जागा मोकळी होईल."

ते अंगणातल्या हळदीच्या बेण्याचा ढीग झाकायला निघून गेले. पाऊस नव्हता.

चूल थंडगार होती, पण ताजी सारवलेली. शेजारच्या जळबाच्या बायकोला सांगून सारवून घेतात वाटतं. उगाच तिला काम.

६ ऑगस्ट, बुधवार

चुली आल्या! टेम्पो साखऱ्यापर्यंत, पुढे बैलगाडी. तांड्याचे नायक देवला यांनी पहिल्या चुलीला कुंकू लावलं, नारळ फोडला. सगळ्यांना पेटवून दाखवली. धूर दिसेना म्हणून एका म्हातारीने वाकून आत बघितलं आणि मी फसवतेय असं जाहीर केलं.

शकुंतलाबाईंचा आक्षेप वेगळा. "म्याडम, हिचं तोंड मुठीयेवढं. भाकर कुठं शेकू? तव्यावरून काढली की निखाऱ्याला टेकवावी लागती, तवा फुगती ती."

"तव्यावरच फडक्याने दाबा मावशी, फुगते."

"व्हय का," असं त्या म्हणाल्या, पण चेहऱ्यावर काही पटल्याचं दिसलं नाही.

दहा घरांच्या चुलींना काडेपेटीएवढं यंत्र बसवलंय. चूल कधी तापली, किती वेळ तापली, ते त्यात उमटतं. मोहनसिंग काकांचं घर त्या दहांत आहे. मीच घातलं. मला ती शिट्टी थांबलेली ऐकायची आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

यंत्रं वाचली. नऊ घरांत कुठे कमी, कुठे जास्त, पण चूल पेटतेय. दहाव्या घरात एकोणीस दिवसांत एकदाही नाही.

गेले तर लोखंडी चुलीवर पाण्याचा हंडा ठेवलेला, वर हळदी-कुंकू. "मावशी, हे काय?"

"ठिवली हाय न जपून. मोडली न्हाई की."

मी चिडले. चिडायला नको होतं. त्या दोन वाक्यं बोलून दम घेत होत्या, आणि मी पुढ्यात उभी राहून धूर, फुप्फुस, झाडं, हवामान, सगळं एका दमात सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "दोन्ही ठिवू न बाई. ही बी राहू द्या, ती बी राहू द्या."

दोन्ही चालत नाहीत. साहेबांनी आज फोनवर माझी चांगलीच हजेरी घेतली. सप्टेंबरात पुण्याहून तपासणीवाले येणार, चिठ्ठ्या टाकून घरं बघणार. एका घरात जरी जुनी चूल पेटती सापडली तरी अख्ख्या तांड्याचं नाव यादीतून जाणार. मग बाकीच्यांच्या चुली बिघडल्या तर दुरुस्तीलाही कोणी येणार नाही. जुनी चूल काढल्याचा फोटो हवाच.

निघताना काकांची सही घेतली. ते म्हणाले, "सही माझी पायजे न? घ्या. पण हिला इचारा येकदा."

"विचारते," म्हटलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज चूल फोडली.

शकुंतलाबाईंना जगन सकाळी सेनगावच्या दवाखान्यात घेऊन गेला होता, रात्रभर दम लागला म्हणून. काका शेतात. मी काकांना फोन केला, म्हटलं आज काढून टाकते. ते म्हणाले, "तिला इचारलं का?" मी म्हटलं, "हो."

विचारायचं राहून गेलं, असं लिहिणार होते. राहून गेलं नाही, मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या, आणि आणखी सहा महिन्यांनी मला त्यांच्याही छातीचा फोटो बघावा लागला असता.

शेजारची शिला कडेवर लेकरू घेऊन आली. "म्याडम, आज नका करू. मावशीला येऊ द्या."

"त्या येईपर्यंत घर स्वच्छ करून ठेवू," मी म्हटलं. "तूही लाव हात." तिने हात लावला नाही. दारातून गेलीही नाही.

कुदळीच्या चार घावांत काम झालं. पहिल्या घावानंतर बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आई गेल्यापासून रडू आलं नव्हतं, ते त्या धुळीत आलं. डावी बाजू सगळ्यात शेवटी पडली. फोटो काढला, ठिकाणासकट चढवला, साहेबांचा लगेच अंगठा आला.

दुपारी शकुंतलाबाई आल्या. उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"कोणी फोडली?"

"मी, मावशी. तुमच्या छातीसाठी."

त्या खाली बसल्या. मातीची ढेकळं एकेक उचलून, उलटी करून बघत होत्या. बराच वेळ बघितली. मग उठल्या, पदराने तोंड पुसलं, लोखंडी चुलीवरचा हंडा उतरवला. "बसा. च्या करते."

आणि त्या चुलीवर पहिल्यांदा चहा केला, माझ्यासाठी. मी दोन कप प्यायले. इतका गोड चहा कधी प्यायले नसेन. एक घर जिंकलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

तांड्यावर गेले तर शकुंतलाबाई घरी नव्हत्या. नायक म्हणाले, काल सकाळी चुलीची सगळी माती टोपल्यात भरली, वरून नवं फडकं बांधलं, डोक्यावर घेऊन ओढ्यावर गेल्या. दोन खेपा. जगन हात लावायला गेला तर त्याला लावू दिला नाही. माती पाण्यात सोडली, अंघोळ केली आणि ओल्या अंगाने घरी आल्या. आज शेतात गेल्यात.

किती नीटनेटकी बाई. बाकीच्यांनी माती दारातच टाकलीय, पावसाने सगळा राडा झालाय. उद्याच्या बैठकीत हे उदाहरण सांगणार आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

पावसाने नाकी नऊ आणले. ओढा दोनदा पुलावरून गेला, सोयाबीन उभ्याने काळं पडतंय. तशातही तपासणीवाले येऊन गेले आणि सगळं बिनबोभाट पार पडलं.

यंत्रात सगळ्यात चांगले आकडे मोहनसिंग काकांच्या घरचे. दिवसातून तीनदा चूल तापते, एकही दिवस खाडा नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, खोकला कमी आहे. मी स्वतः कान देऊन ऐकलं. शिट्टी जवळजवळ नाही. मला देवाला हात जोडावेसे वाटले.

साहेबांनी यशोगाथा लिहायला सांगितलीय, शकुंतलाबाईंच्या फोटोसह. फोटो काढताना म्हटलं, मावशी जरा हसा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठ ताणले. दहा फोटोंतला एकही चांगला नाही. अलीकडे बोलत नाहीत फारशा. शिला म्हणाली, "जेवण बी कमी केलंय." औषधांनी तोंडाची चव जाते, आईचंही तसंच झालं होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

बाबांना फोन केला. आमच्याकडे वर्ष सरलेलं नाही, यंदा सण नाही. बाबा म्हणाले, मग तू येतीस का न्हाई? मी म्हटलं, येईन, पण त्या चुलीसमोर बसून जेवणार नाही. तीन महिने सांगतेय.

ते म्हणाले, "बरं. दिवाळीच्या आत फोडतो."

अखेर ऐकलं म्हणायचं.

मोहनसिंग काकांनी पाडव्याला सकाळी बोलावलंय. पूर्वजांना घास द्यायचा असतो म्हणे, निखाऱ्यांवर. धबुकार म्हणतात. "तुमच्याच चुलीवर द्यायचाय यंदा, तवा तुमी पायजेत," असं हसत म्हणाले.

२२ ऑक्टोबर, बुधवार. कुरुंदा

सगळं क्रमाने लिहिते. नाहीतर लिहिणार नाही.

सकाळी आठला तांड्यावर पोचले. काल अमावास्येला दिवे घेऊन घरोघर फिरलेल्या पोरी अजून पेंगत होत्या. काकांनी नवं धोतर नेसलं होतं. शकुंतलाबाईंनी लोखंडी चुलीवर लापशी केली होती. निखारे चुलीच्या तोंडातून चिमट्याने एकेक काढावे लागले, ते काकांनी लोखंडी पाटीत घेतले, त्यांवर लापशी आणि तूप सोडलं, आणि नावं घेतली. आजा थावरा. बाप रामजी. चुलते, थोरला भाऊ. प्रत्येक नावाला एक घास, प्रत्येक घासाला धुराची एक रेघ. जगनने पाण्याचा हात फिरवला. मग पुरुष माणसं उठून नायकांच्या घरी गेली.

मी शकुंतलाबाईंना मदत करायला थांबले. त्या पाटीकडे बघत बसल्या होत्या. मी आपली बोलायचं म्हणून बोलले, "मावशी, तुमच्याकडचं कोणी नाही का? तुम्ही नाही देत?"

"देत व्हते."

"मग?"

"निताला देत व्हते."

मला कळायला वेळ लागला. मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांनी सांगितलं ते सरळ, आवाज न चढवता. तीन वर्षांपूर्वी उसाच्या फडावर बाळंतपणात गेली. लेकरूही गेलं. तिकडंच, कारखान्याच्या मागे जाळली. हे निरोप मिळून पोचले तोवर राख निवली होती. जावयाने दुसरी केली. "लेकीचं नाव ह्या घरात घेत न्हाईत, ती सासरची झाली. अन् सासरी तिचं नाव काढायला आता कोण हाय? म्हणून ही समदी गेली की मी गुपचूप एक घास देत व्हते. चुलीत."

मी तरीही विचारलं, "आणि आज?"

"आज कुठं देऊ? चूल तिनं केली व्हती, लग्नाच्या आदल्या आखाडात. माती तिनं मळली. म्हणली, याडी, मी गेल्यावर बी ह्या घरात माझा हात ऱ्हाईल. अन् लावला हात वल्या मातीला." त्यांनी लोखंडी चुलीच्या अंगावरून बोटं फिरवली. "हिला निता वळखत न्हाई."

पाची बोटं स्पष्ट होती. मी जुलैतच लिहून ठेवलंय या वहीत.

"मावशी, मला सांगितलं का नाही?" हे मी विचारलं. मी! लाज वाटते लिहितानाही.

"तू कवा इचारलंस?" पहिल्यांदाच त्या मला तू म्हणाल्या. "कोणी केली, कवा केली, इचारलंस का? तू इचारलंस लाकडं किती लागतात. ते म्या सांगितलं."

मला उठून पळून जावंसं वाटत होतं. माफी मागितली, पण काय शब्द वापरले ते आठवत नाही. त्या म्हणाल्या, "रडू नको. तू वाईट वागली न्हाईस. दम कमी झाला माझा, खोटं कशाला बोलू. पर कमी झालेला दम घिऊन काय करू, ते काई समजून न्हाई राहिलं."

मग एकदम म्हणाल्या, "तुला माय न्हाई न?"

मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "पौषात गेली."

"चुलीनं?"

"हो."

"नाव काय?"

"द्वारकाबाई."

त्या उठल्या. टोपातली लापशी घेतली, वर तूप घातलं. पाटीकडे गेल्याच नाहीत. लोखंडी चुलीपुढे गुडघे टेकून बसल्या, वाकून त्या मुठीएवढ्या तोंडातून हात आत घातला आणि म्हणाल्या, "द्वारकाबाई, घे माय." मनगट भाजलं असणार, हात मागे घेतला तेव्हा कातडी लाल होती. चुलीतून धूर आला. ती चूल धूर करत नाही असं मी बेचाळीस घरांत सांगितलंय.

"तुझी माय वळखती हिला," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठीच तर आणलीस तू."

मी म्हटलं, "निताचंही घ्या न नाव. एकदा घेऊन बघा."

त्यांनी नाही अशी मान हलवली. टोपात एका घासाएवढी लापशी उरली होती. ती त्यांनी पानावर काढली, झाकली आणि फडताळात ठेवून दिली. कोणी यायचं असावं तशी.

सेनगावहून बस मिळेपर्यंत बाबांना पाच फोन केले. उचलला नाही. औंढ्याला गाडी बदलली, सिद्धेश्वरच्या फाट्यावर पुन्हा केला, तेव्हाही नाही. बाबा शब्दाचे पक्के. दिवाळीच्या आत म्हणाले होते आणि दिवाळी तर आली होती. वसमतपासून पुढे मी खिडकीच्या गजाला डोकं लावून नुसतं नको, नको म्हणत होते, शेजारची बाई सरकून बसली.

घरी पोचले ते चपला न काढता मागे गेले.

चूल होती.

बाजूला कुदळ टेकवून ठेवलेली. बाबा तिथेच पाटावर बसले होते, कोपरापर्यंत शेणमातीचे हात. मला बघून दचकले, चोरी पकडल्यासारखे. "जळबाची कुदळ आणली व्हती चार दिवसांमागं," ते म्हणाले. "रोज म्हणतो आज फोडू. हात व्हईना गं. तू येणार म्हणून शेवटचं सारवून घेत व्हतो. तू जेव आत बसून. सकाळी फोडतो."

म्हणजे इतके महिने तेच सारवत होते.

मी चपला काढल्या. त्यांच्या हातातलं सारवायचं फडकं घेतलं आणि उरलेली बाजू सारवली. मला आईसारखं जमत नाही, लाटा उठतात. बाबा म्हणाले, पाणी जास्त झालं. नंतर कुदळ जळबाच्या घरी मी स्वतः देऊन आले.

आता बाबा झोपायला गेलेत. ऑफिसचा महिन्याचा तक्ता समोर आहे. मोहनसिंग यांच्या घरापुढे, जुनी चूल: नाही. लाकडाची बचत: निम्मी. दोन्ही खरं आहे, तसंच भरलंय.

परवा तांड्यावर जायचंय. शकुंतला मावशी विचारणार, मायची चूल काय केलीस म्हणून. त्यांना सांगावं लागेल, ती आहे.